सरव्याचा खेळ

(महिला शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी गट करून शहरात निघणार होत्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी हे भाषण झालं.)



उद्या सकाळी आठ वाजता आपण सहा-सहाजणींचे सात गट करून पुण्यात बाहेर पडणार आहोत. सगळ्या गटांच्या हातात एकच यादी असेल. यादीतल्या काही वस्तू आणायच्या आहेत, काही तयार करायच्या आहेत, काही गोष्टी नुसत्या शोधून लिहून आणायच्या आहेत. प्रत्येक गोष्टीला गुण ठरलेले आहेत. दुपारी चारला परत यायचं. काम म्हटलं तर एवढंच. पण दुपारच्या सुट्टीत दोघीतिघींनी मला गाठलं आणि विचारलं, ताई, घरोघरी मारहाणीच्या तक्रारी आहेत, रेशनचा प्रश्न लोंबकळतोय, आणि आपण खेळत काय बसायचं? प्रश्न विचारण्यासारखाच आहे, म्हणून आज यावर बोलते.

या खेळाला इंग्रजीत स्कॅव्हेंजर हंट म्हणतात. ट्रेझर हंट वेगळा. त्यात एका चिठ्ठीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत शेवटी खजिना सापडतो. इथं खजिना नसतोच, यादी असते. आणि यादीत बहुतेक अशा गोष्टी, ज्यांना एरवी कुणी हात लावणार नाही. मला त्या नावातला पहिला शब्द खटकतो. आपल्याकडे नगरपालिकांच्या कागदांत स्कॅव्हेंजर कुणाला म्हटलं गेलं आणि त्यांची जात काय होती, हे या सभेत सांगायची गरज नाही. माणसाकडून मैला उचलून घेण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. दोन्ही कायद्यांच्या इंग्रजी नावात हा शब्द आहे. म्हणून मी आपल्यापुरतं खेळाचं नाव बदललंय. पीक काढून नेल्यावर रानात राहिलेली कणसं, शेंगा बायका वेचून आणतात, तो सरवा. आपला खेळ सरव्याचा.

नाव बदललं म्हणून खेळाचा इतिहास बदलत नाही. हा खेळ श्रीमंतांच्या मेजवान्यांतून आला. एल्सा मॅक्सवेल नावाची एक अमेरिकन बाई होती. बड्या लोकांच्या पार्ट्या आखून देणं हाच तिचा व्यवसाय. १९२७ साली तिनं पॅरिसमध्ये हा खेळ ठेवला आणि पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या पैसेवाल्यांमध्ये त्याची साथच आली. हा काळ कुठला? १९२९ नंतरच्या महामंदीचा. लोक बेकार होऊन रस्त्यावर आले होते, पावासाठी रांगा लागत होत्या, आणि दागिने घातलेल्या बायका नि कोट घातलेले पुरुष मोटारींतून रात्रभर भंगार गोळा करत हिंडत होते.

यावर १९३६ साली ‘माय मॅन गॉडफ्री’ हा चित्रपट निघाला. आहे विनोदीच. पण त्याची सुरुवात मला कधी विसरता आलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये नदीकाठी शहराचा कचरा टाकायची जागा, तिथं झोपड्या करून राहणारे बेकार पुरुष. रात्री तिथं मोटार येते, झगमगीत कपड्यांतली एक तरुणी उतरते आणि गॉडफ्रीला म्हणते, माझ्याबरोबर हॉटेलात चल, पाच डॉलर देते. कारण? यादीत ‘विसरला गेलेला माणूस’ ही एक बाब आहे. कुणी बोकड आणलाय, कुणी जुनं सामान, तसा हा एक माणूस आणायचा, परीक्षकांना दाखवायचा, गुण घ्यायचे आणि सोडून द्यायचं. गॉडफ्री त्या बाईला मागं हटवत हटवत राखेच्या ढिगावर पाडतो, ते बरंच करतो. तिची धाकटी बहीण मात्र त्याच्याशी माणसासारखं बोलते, म्हणून तो तिच्याबरोबर जातो. हॉटेलात त्याला ओट्यावर उभं करून तपासतात, दाढीला हात लावून बघतात. गॉडफ्री जमलेल्या लोकांना चार शब्द सुनावतो. चित्रपट पुढे गोड होतो, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

ही गोष्ट इतकी लांबवली त्याला कारण आहे. आपली यादी करायला पाचजणी बसल्या होत्या. एक सूचना आली, ‘कचरा वेचणाऱ्या बाईबरोबर फोटो – दहा गुण.’ सूचना करणारीचा हेतू चांगला होता. तिला वाटलं, या निमित्तानं मुली त्यांच्याशी बोलतील. पण उद्या आपल्या बेचाळीसजणींमध्ये तेरा जणी स्वतः कचरा वेचतात. त्यांनी कुणाबरोबर फोटो काढायचा? याच शहरात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी ओळखपत्रं मिळवली, आपण करतो ते काम आहे हे मान्य करून घेतलं. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करतात. एवढं झाल्यावर त्यांना आपल्या यादीत दहा गुणांची बाब करायचं? ती ओळ खोडली. खोडताना वाद झाला, दीड तास गेला, आणि तो दीड तास फुकट गेला असं मला वाटत नाही. यादी कोण करतं त्यावर सगळा खेळ ठरतो. यादी करणारीला शहर जसं दिसतं, तसंच खेळणारीला बघावं लागतं.

आता दुसरी बाजू. हाच खेळ विद्यार्थ्यांच्या हाती गेला तेव्हा त्याचा नूर पालटला. शिकागो विद्यापीठात १९८७ पासून दरवर्षी मे महिन्यात हा खेळ होतो. यादी रात्री बारा वाजता जाहीर होते, तीनशेच्या आसपास बाबी असतात, आणि चार दिवस मुलं-मुली झोपत नाहीत. विकत आणून भागेल असं फार थोडं असतं. बहुतेक गोष्टी डोकं लढवून बनवाव्या लागतात. १९९९ साली यादीत कुणीतरी गमतीनं अणुभट्टी घातली होती. दोन विद्यार्थ्यांनी ती भंगारातून खरंच जुळवून दाखवली, नावापुरतं प्लुटोनियमही निघालं म्हणतात. अर्थात तुम्ही उद्या असलं काही करू नका. रविवारी निवाडा होतो तो आयडा नॉयेस हॉलमध्ये. ही इमारत १९१६ साली विद्यार्थिनींसाठी बांधली गेली, त्यांना व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव आणि बसाय-बोलायला जागा मिळावी म्हणून. मुलींना खेळायला वेगळी जागा बांधून द्यावी लागली, आणि आज तिथं सगळ्या विद्यापीठाचा खेळ होतो, हे मला नोंदवावंसं वाटतं.

२०११ मध्ये मिशा कॉलिन्स या अमेरिकन नटानं हा खेळ जगभर नेला. पंधराजणांचा संघ, एक आठवडा मुदत, पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत. एका संघातली माणसं वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली. भाजीपाल्याचे कपडे करा, कुणाला न सांगता कुणाचं तरी काम करून टाका, असलं काहीही यादीत असायचं. वर्गणीतला काही भाग समाजकार्याला जाई. पुढे नाव आटोपशीर केलं आणि २०२२ मध्ये तो बंद झाला. त्यात बायकांचा भरणा मोठा होता. मला त्यात नवल वाटत नाही. मोठ्या वयाच्या बाईला, मुलं-नवरा-नोकरी सांभाळणाऱ्या बाईला, वेड्यासारखं काहीतरी करून बघायला कारण लागतं. “संघाचं काम आहे” हे कारण तिला पुरतं.

आपल्या आज्याही हेच करत होत्या की. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. भोंडल्याला फेर धरायचा आणि डबा न उघडता खिरापत ओळखायची. नागपंचमीला झोके. बायका मनसोक्त खेळल्या, पण व्रताची परवानगी घेऊन. देवाचं नाव नसतं तर सुनेला रात्रभर कुणी नाचू दिलं असतं का? आणि त्या परवानगीत विधवांना जागा नव्हती, हे विसरून मंगळागौरीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला राग येतो.

आजही बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात पिशवी लागते. भाजी, दवाखाना, शाळा, बँक. मुंबईतल्या बायकांच्या अभ्यासावरून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी सतत काम दाखवावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळता येणं हाही हक्क आहे. म्हणून उद्याच्या यादीत सगळ्यात जास्त, पन्नास गुण एका बाबीला आहेत. कुठल्याही पेठेतल्या कट्ट्यावर गटानं अर्धा तास काहीही न करता बसायचं. भाजी निवडायची नाही, फोन बघायचा नाही, कुणाची वाट बघतोय असं दाखवायचं नाही. हसताय, पण करून बघा. दहाव्या मिनिटाला कुणीतरी येऊन विचारेल, “काय पाहिजे ताई?” तेव्हा काय उत्तर दिलंत ते लिहून आणा.

बाकीच्या यादीतलं थोडं सांगते. बाईला पैसे न देता वापरता येईल असं, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह शोधा आणि पत्ता लिहा. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली ती याच मुद्द्यावर, पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे. सातही गटांचे पत्ते एकत्र केले तर महापालिकेला द्यायला निवेदन तयार होईल. दारावरच्या पाटीवर बाईचं नाव पहिलं असलेली पाच घरं शोधा. घरातल्या जुन्यापान्या कापडातून गटाचा फलक शिवा, विकतचं काही चालणार नाही. सत्तरीच्या पुढच्या बाईकडून एक खेळ शिका आणि संध्याकाळी आम्हांला शिकवा.

एक बाब भिडेवाड्याची. १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी तिथं मुलींची शाळा काढली. वाडा वर्षानुवर्षं पडक्या अवस्थेत होता, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला गेला. तेव्हा जुना वाडा शोधत बसू नका. त्या जागेसमोर पाच मिनिटांचा प्रवेश करायचा आहे, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. सावित्रीबाई कुणीही व्हायचं नाही, ती भूमिका सगळ्यांना हवी असते. मुलगी व्हा, मुलीला सोडायला आलेली आई व्हा, शेण घेऊन उभी असलेली शेजारीण व्हा. तो भाग बुधवार पेठेत आहे. जवळच्या गल्ल्यांत धंदा करणाऱ्या बायका राहतात. त्या गल्ल्यांत फोन पिशवीतून बाहेर काढायचा नाही. हे गुणांचं नाही, नियमाचं आहे. मोडला तर गट बाद.

आणखी एक नियम. सहाच्या सहाजणी पोहोचल्याशिवाय कुठल्याही बाबीचे गुण नाहीत. दोन गटांत कुबड्या घेऊन चालणाऱ्या मैत्रिणी आहेत, एकीबरोबर तान्हं बाळ आहे. दोन चपळ मुलींना पुढे पळवून गुण मिळवायचे, ही युक्ती चालणार नाही. वाटा माहीत असलेल्या, म्हणजे कचरा वेचणाऱ्या आमच्या तेरा जणी, सातही गटांत वाटल्या आहेत. कुठल्या गल्लीत काय मिळतं आणि कुठलं कुत्रं चावतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. यादी वाचणारी आणि वाट दाखवणारी वेगवेगळी असेल, आणि दर तासाला यादी दुसरीच्या हातात जाईल. वाचता येत नसेल तिला शेजारची वाचून दाखवेल, पण यादी तिच्याच हातात राहील.

निवाडा तुम्हीच करायचा आहे. प्रत्येक गट दुसऱ्या गटाला गुण देईल, भांडण झालं तर सगळ्यांसमोर होईल. बाळ सांभाळणारीला गुण किती, यावर आमच्यातच एकमत झालेलं नाही, ते उद्या संध्याकाळी तुम्ही ठरवा.

स्वयंपाक उद्या आपल्याकडे नाही. संस्थेतल्या चार पुरुष कार्यकर्त्यांनी जबाबदारी घेतली आहे. पिठलं-भात म्हणालेत, भाकरीचं अजून बोललेले नाहीत. सकाळी साडेसातला चहा. पाण्याची बाटली, बससाठी सुटे पैसे आणि पायांत जुनी चप्पल असू द्या. एका गटात एकच फोन, बाकीचे माझ्याकडे जमा करा.