घरातील बिनतारी पेटी आणि तिची आगळ

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चकलांबा येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर बोलावले, तेव्हा मी शिक्षणावर किंवा हुंड्याच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी माणसे येथे बसलेली आहेत. मी आज बोलणार आहे ते एका लहानशा पेटीविषयी. ती आता आपल्या बहुतेकांच्या घरात कोनाड्यात किंवा दूरदर्शन संचाशेजारी लुकलुकत बसलेली असते. तिला राउटर म्हणतात. तारेतून आलेले इंटरनेट ती बिनतारी लहरींच्या रूपाने घरभर पसरवते. विषय यांत्रिक आहे खरा; पण त्याचा संबंध घराच्या अब्रूशी कसा पोहोचतो हे मी स्वतः पाहिले आहे, आणि म्हणूनच आपला वेळ घेण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या भागातील जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा. थोरला दरवाजा, त्यात दिंडी, आणि आत भिंतीतील खोबणीतून सरकणारी आगळ. निजामी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत तिन्हीसांजेला आगळ पडल्याशिवाय घरात दिवा लागत नसे, असे आमची आजी सांगत असे. त्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात रुंद, पांढऱ्या मातीच्या. आजची बिनतारी लहरही तसल्या भिंतीतून जाताना बरीच क्षीण होते. परंतु आता आपण विटांची आणि स्लॅबची घरे बांधली. त्यांच्या भिंतींतून आणि खिडक्यांतून ही लहर सहज बाहेर पडते, गल्लीत जाते, शेजारच्या गच्चीवर जाते. म्हणजे आपण थोरला दरवाजा बंद करून झोपतो, आणि घराला असलेला दुसरा, डोळ्यांना न दिसणारा दरवाजा सताड उघडा राहतो.

या उघड्या दरवाजातून काय होऊ शकते, याचे आपल्याच राज्यातील उदाहरण सांगतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात एकामागून एक बाँबस्फोट झाले आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचे एक ई-पत्र येऊन पोहोचले होते. पोलिसांनी त्या पत्राचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेपाशी जाऊन थांबला. तेथे राहत होते एक अमेरिकन गृहस्थ! त्यांची चौकशी झाली, त्यांचे संगणक तपासासाठी नेण्यात आले, जगभरच्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव झळकले. पुढे तपासात उलगडले ते असे, की त्यांच्या घरातील बिनतारी जाळे उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरून पत्र धाडले होते. त्याच साखळीतील पुढचे पत्र २३ ऑगस्ट रोजी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेले. आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले त्या वेळचे पत्र चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यातून. तीन ठिकाणे, आणि तिन्ही ठिकाणचे मालक त्या कृत्याशी सर्वस्वी असंबद्ध. २००९ च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून असली उघडी जाळी हुडकण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना या बाबतीत सूचना काढल्या.

माग घरापाशीच का थांबतो, हे समजून घेतले पाहिजे. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो. घरात दहा फोन असोत की एक, त्या सर्वांची पत्रे त्या एकाच पत्त्यावरून जातात. अमुक दिवशी अमुक वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते. पण त्या क्षणी फोन कोणाच्या हातात होता हे कंपनीला माहीत नसते. तेव्हा पोलीस येतात ते ज्याच्या नावाने बिल येते त्याच्याकडे. त्यांचाही त्यात दोष नाही.

मुंबई दूर आहे असे कोणी म्हणेल. म्हणून माझ्या चुलतभावाची हकिकत सांगतो. तो एका शहरात नोकरीस आहे. वयाने माझ्याहून लहान, मला अण्णा म्हणतो. त्याने जोडणी घेतली तेव्हा बसवायला आलेल्या मुलाने विचारले, "काका, पासवर्ड काय ठेवू?" याने आपला दूरध्वनी क्रमांक सांगितला. आपल्यापैकी निम्म्या घरांत आज हाच प्रकार असेल. हात वर करायला सांगत नाही. वर्षभराने एके सकाळी त्याला ठाण्यात बोलावणे आले. त्याच्या घरच्या पत्त्यावरून कोणा मुलीला खोट्या नावाने अत्यंत घाणेरडे संदेश गेले होते. तीन दिवस त्याचे आणि त्याच्या मुलाचे फोन ठाण्यात होते. अधिकारी सभ्य होते. त्यांनी घरातले सर्व फोन तपासले, पेटीतील नोंदी पाहिल्या, आणि मागच्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुणापर्यंत ते पोहोचले. भावाचे नाव निर्मळ ठरले. पण त्याच महिन्यात त्याच्या मुलीची बोलणी चालली होती. त्या मंडळींनी नकार असा कळविला नाही. फक्त पुढे काही कळविलेच नाही. मुलीने मला विचारले, "मोठे काका, आम्ही काय केलं होतं?" मला उत्तर सुचले नाही.

दूरध्वनी क्रमांक का नको, याचा हिशेब मांडून दाखवितो. आपल्या पेटीशी एखादा फोन जोडला जाताना दोघांत जी सलामी होते ती दूरवरून पकडून ठेवता येते. मग घरी बसून, यंत्राच्या साहाय्याने, एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. पेटीला त्याचा पत्ताही लागत नाही. आजचे एक बरेसे यंत्र सेकंदाला पाच लाख अंदाज करू शकते. आपले क्रमांक दहा आकडी, आणि आरंभी सहा ते नऊ यांपैकी आकडा. म्हणजे शक्यता झाल्या चारशे कोटी. पाच लाखांनी भागले तर सव्वादोन तास. शिवाय आपला क्रमांक तर लग्नपत्रिकेवर छापलेला असतो, तेव्हा शेजाऱ्याला तेवढेही श्रम नाहीत.

याउलट असे करा. शब्दकोशातून साधे सोपे दोन हजार शब्द घ्या, चिठ्ठ्या टाका, आणि त्यांतून पाच उचला. समजा निघाले: हुलगे, कंदील, पायरी, पावशेर, टिटवी. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. या रीतीने होणाऱ्या शक्यता म्हणजे बत्तीसवर पंधरा शून्ये. त्याच यंत्राला त्या सर्व तपासण्यास दोन हजार वर्षे लागतील. मात्र शब्द चिठ्ठीनेच निघाले पाहिजेत. कुलदैवत, गाव आणि मुलाचे नाव असे मनाने जोडाल तर हा हिशेब लागू नाही. (वरील पाच शब्द कृपया कोणी वापरू नयेत, ते स्मरणिकेत छापून येणार आहेत.) पासवर्ड कागदावर लिहून फडताळात ठेवण्यास माझी हरकत नाही. फडताळातील कागद गल्लीतून दिसत नाही.

आता आगळीच्या जातीविषयी. १९९७ साली निघालेली डब्ल्यूईपी नावाची पहिली पद्धत २००१ मध्येच सदोष ठरली आणि आज ती काही मिनिटांत फुटते. २००४ पासूनची डब्ल्यूपीए टू चांगली आहे. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए थ्री त्याहून चांगली, कारण घरी बसून अंदाज करण्याची वर सांगितलेली युक्ती तिच्यापुढे चालत नाही. आपल्या पेटीत जी वरची असेल ती निवडावी. पेटीवर डब्ल्यूपीएस असे लिहिलेले एक बटण असते. आठ आकडी क्रमांकाने जोडणी देण्याची सोय त्यात आहे. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असे वाटते. परंतु शेवटचा आकडा केवळ पडताळ्याचा असतो आणि पेटी पहिले चार व पुढचे तीन आकडे वेगवेगळे तपासते, म्हणून उरतात अवघे अकरा हजार प्रयत्न. हे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले. ही सोय बंद करून टाकावी. जाळ्याचे नाव लपविण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने विशेष काही साधत नाही. आडनाव आणि घर क्रमांक मात्र त्या नावात घालू नये.

येथे एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. या पेटीला कुलपे दोन आहेत. एक जाळ्यात येण्याचे, आणि दुसरे खुद्द पेटीच्या कारभाराचे. हे दुसरे बहुधा कारखान्यातून आले तसेच राहते. नाव ॲडमिन आणि परवलीचा शब्दही ॲडमिन. ज्याच्या हाती हे लागले तो पेटीला खोटी वाट दाखवावयास शिकवू शकतो. वेशीवरची बीडकडे जाणारी पाटी कोणी रात्रीतून फिरवावी आणि वाटसरू भलत्याच गावी पोहोचावा, तसे आपण बँकेचे नाव लिहितो आणि उघडते दुसरेच पान. हे कुलूप प्रथम बदला. ते कोठे सापडते हे पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेले असते. बाहेरगावाहून कारभार करण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा, आणि कंपनीकडून पेटीसाठी येणारी सुधारणा अडवू नका. सर्व विसरलात तर मागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबले की पेटी कारखान्यातून आली तशी होते आणि पुन्हा आरंभापासून बसविता येते. जुनी पेटी कोणाला देताना हे अवश्य करावे.

भावाची ती घटना घडल्यावर मी त्याला हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, दारी आलेल्याला आपण पाणी नाही म्हणत नाही, मग याला कसं म्हणायचं?" त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी किती कुटुंबे ऊसतोडणीला जातात, आणि मागे आजीपाशी राहिलेली मुले शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास कोणाच्या तरी ओट्यावर येऊन बसतात, हे आपण पाहतोच. त्या मुलांना उठवा असे मी सांगणार नाही. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. त्याला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड. तेथून इंटरनेट मिळते, पण घरातील संगणकापर्यंत पोहोचता येत नाही. ओसरी पाहुण्यांची आणि माजघर घरच्यांचे, ही आपली जुनीच रचना. मात्र बाहेरच्या जगाला तेथूनही आपलाच पत्ता दिसतो. म्हणून पाहुण्यांचा पासवर्ड ओळखीच्या मुलांनाच द्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा. ओट्यावर कोण बसले आहे हे माहीत असले, तर बसू द्यावे.

दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये अपराध आहे, हे तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावे. शेजाऱ्याचा पासवर्ड फोडला म्हणून मित्रांत मिरविणारी मुले मी आपल्याच समाजात पाहिली आहेत. अप्रामाणिकपणे केलेल्या अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि पैशाची फसवणूक झाली तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

शेवटी एक घरचे गाऱ्हाणे. आपल्या मंडळाची वधूवरांची नोंदवही आता कागदावर राहिलेली नाही. आपल्या लेकींची छायाचित्रे, जन्मतारखा, वडिलांचे दूरध्वनी क्रमांक हे सारे चिटणीसांच्या घरातील एका संगणकावर आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. पासवर्ड न विचारताच माझा फोन त्यांच्या जाळ्याला जोडला गेला. चिटणीस येथे समोर बसले आहेत आणि हसत आहेत, तेव्हा हे सांगण्यास त्यांची हरकत नसावी. रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी बसून पेटीची दोन्ही कुलपे बदलली, ते बटण बंद केले, पाहुण्यांचे जाळे वेगळे काढले, आणि नोंदवहीलाही स्वतंत्र पासवर्ड घातला. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास चष्मा शोधण्यात गेला.

भोजनानंतर मी आणि महाविद्यालयात शिकणारी आपली दोन मुले मंडपाच्या उत्तरेकडील बाजूस बसणार आहोत. ज्यांना आपल्या घरी हे करून घ्यावयाचे असेल त्यांनी तेथे यावे. पेटी आणण्याचे कारण नाही. तिच्या तळाच्या कागदावरील कंपनीचे व प्रतीचे नाव तेवढे लिहून आणावे. पासवर्ड मात्र लिहून आणू नये, आम्हांलाही सांगू नये.