नोंद रोगाची, अब्रू रोग्याची

(आरोग्य व समाजजीवन या विषयावरील व्याख्यानाचा संपादित भाग)



१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांतच ती साथ पुण्यात पोहोचली. पुढचा इतिहास महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. साथरोगांचा नवा कायदा, रँडची नेमणूक, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतील रात्र आणि चापेकर बंधूंचे बलिदान. मात्र या इतिहासाच्या एका बाजूकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तपासणीची दहशत जसजशी वाढली, तसतसे लोक घरातला रोगी दडवू लागले. मृत्यूसुद्धा लपवले जाऊ लागले. साथ आटोक्यात आणायची तर रोगी कोठे आहेत हे कळायला हवे. आणि नेमकी तीच माहिती धाकामुळे अंधारात गेली.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे धाक, दुसरीकडे सेवा. रोगी कोणाला पाहून दार लावून घेतो आणि कोणाला पाहून उघडतो, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही तितकाच जिवंत आहे. आज दारावर सोजीर नाहीत. संगणकाचा पडदा आहे. देशातील कोट्यवधी लोकांच्या आरोग्याची माहिती त्यावर गोळा होत आहे. ती गोळा व्हायला हवी, यात शंका नाही. परंतु ती विश्वासाने मिळाली तरच खरी असते आणि विश्वास राखला तरच पुढे मिळत राहते. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

जे मोजले जात नाही, ते दिसत नाही

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. आज बहुतेक मृत्यूंची नोंद होते. परंतु माणूस गेला एवढेच नोंदवणे वेगळे आणि तो कशाने गेला हे नोंदवणे वेगळे. २०२० या वर्षी देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते असे मृत्यू केवळ साडेबावीस टक्के होते. दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ चारांचे कारण राष्ट्राच्या दप्तरी नाही. मग औषधे कोणती खरेदी करायची, तालुक्याच्या रुग्णालयात कोणता तज्ज्ञ नेमायचा, पैसा कोठे खर्च करायचा, हे ठरवायचे कशाच्या आधारावर?

ही उणीव भरून काढण्याचा एक उत्तम प्रयत्न आपल्याच देशात झाला. नमुना नोंदणी योजनेत निवडक गावांतील व शहरी वस्त्यांतील जन्म-मृत्यू एक अंशकालीन गणक वर्षभर टिपत असतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर जाऊन तीच माहिती गोळा करतो आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहिल्या जातात. या योजनेच्या आधाराने महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या चमूने दहा लाख मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. मृताच्या घरी जायचे, शेवटच्या आजाराची हकीकत घरच्यांच्या शब्दांत लिहून घ्यायची आणि दोन डॉक्टरांनी ती वेगवेगळी वाचून मृत्यूचे कारण ठरवायचे, अशी ही पद्धत.

यातून काय बाहेर आले? सर्पदंशाने देशात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसे दगावतात, असा अंदाज या अभ्यासातून २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झालेले होते. कोणी शेतात, कोणी वाटेत, कोणी घरी अंथरुणावर. रुग्णालयाच्या नोंदवहीत ते उमटणार तरी कसे? शासकीय आकड्यांत सर्पदंश हा किरकोळ प्रश्न दिसत होता, कारण मरणारा शेतकरी आणि शेतमजूर त्या आकड्यांत नव्हताच. नोंद झाली तेव्हा प्रश्न दिसला. २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने सर्व राज्यांना सर्पदंशाची सक्तीने नोंद करण्यास सांगितले. वहीतील ओळीपासून धोरणापर्यंतचा हा प्रवास तेरा वर्षांचा आहे.

उशीर हाही एक दोषच. २०२१ साली, म्हणजे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी, देशात सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. हा आकडा प्रसिद्ध झाला २०२५ च्या मे महिन्यात. मधल्या चार वर्षांत देशी-विदेशी अंदाजांवर घनघोर वाद झाले. आपली नोंद वेळेवर पुढे आली नाही, की त्या जागी परक्यांचे अंदाज येऊन बसतात. मग त्यावर रोष धरण्यात अर्थ उरत नाही.

बार्शीची वही

नोंद कशी करावी याचा वस्तुपाठ शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांत बसून करता येते. खेड्यात रोगी रुग्णालयापर्यंत येतच नाही, म्हणून नोंद घेणाऱ्यालाच गावात जावे लागले. लोकांशी बोलणे, आजाराची लक्षणे समजावून सांगणे, संशय वाटला तर तपासणीला आणणे आणि मग नोंद करणे, असा तो क्रम होता. नोंद आणि सेवा एकाच हाताने होत होती. म्हणूनच घरातील स्त्री जे नवऱ्यालाही सांगत नाही, ते दुखणे तिने तेथे सांगितले.

या वहीने दाखवून दिले, की तिथल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आहे. त्या पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणी म्हणून याच चाचणीची शिफारस केली. तिच्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत मराठवाड्यातील त्या मायभगिनींची नोंद आहे.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या एका गटातील स्त्रियांची अभ्यासात तपासणी झाली नव्हती. त्यावरून पुढे नैतिक टीका झाली आणि त्या स्त्रियांना पुरेशी कल्पना दिली होती का, असा प्रश्न विचारला गेला. संशोधनाचे फळ मोठे असले तरी ज्यांच्या देहावरून ते मिळते, त्यांचा होकार समजून-उमजून घेतलेला असावा लागतो. ज्ञानासाठीसुद्धा माणसाचे साधन करता येत नाही.

नाव पुसले म्हणजे माणूस लपतो काय?

"आम्ही नावे काढून टाकली आहेत, आता भीती कसली?" असे उत्तर माहिती गोळा करणाऱ्यांकडून नेहमी मिळते. अमेरिकेतील एका प्रसंगाने या समजुतीचा फोलपणा दाखवला. मॅसॅच्युसेट्स राज्याने शासकीय कर्मचाऱ्यांच्या आजारांची माहिती नावे वगळून संशोधकांना दिली होती. १९९७ च्या सुमारास लताना स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि टपाल क्रमांक या तीन गोष्टी तिने ताडून पाहिल्या आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरांच्या आजाराची कागदपत्रे शोधून काढली! आपल्याकडे तर मतदारयादी उघड असते. चारशे उंबऱ्यांच्या गावात वय, जात आणि आजार सांगितला, की नाव सांगावेच लागत नाही.

इंग्लंडने दुसरा धडा दिला. रुग्णांच्या नोंदी एकत्र आणण्याची 'केअर डॉट डेटा' नावाची योजना तेथे २०१३ मध्ये आली. हेतू संशोधनाचा होता. परंतु माहिती कोणाला मिळणार, विमा कंपन्यांच्या हाती जाणार काय, याची स्पष्ट उत्तरे लोकांना मिळाली नाहीत. घरोघर पाठवलेले पत्रक अनेकांच्या ध्यानातही आले नाही. लाखो लोकांनी नकार कळवला, २०१४ मध्ये योजना स्थगित झाली आणि २०१६ च्या जुलैमध्ये ती गुंडाळावी लागली. विश्वास गेला आणि त्याबरोबर संशोधनही गेले.

आपणही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर कारभार चालवावा लागला. माहिती पुढे परत मिळवता आली. पण गावाची तिजोरी एकाच वाड्यात ठेवली, तर दरोडेखोराला एकच वाडा फोडावा लागतो, हा बोध घ्यावयास हवा.

कायदा आणि त्याच्या फटी

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास मनाई केली. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे. त्याची रचना चांगली आहे : नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते. चौदा अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे आणि ७० कोटींहून अधिक क्रमांक तयार झाले आहेत. तथापि लसीकरणाच्या वेळी आधार क्रमांक देणाऱ्या अनेकांचा आरोग्य क्रमांक त्यांना कल्पना नसतानाच तयार झाला होता. ऐच्छिक म्हणायचे आणि विचारायचे नाही, हे योग्य नव्हे.

२०२३ साली व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम आले. हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात तशी वर्गवारीच नाही. मोबाइलचा क्रमांक आणि मनोविकाराची चिठ्ठी एकाच तराजूत. संशोधनासाठी या कायद्यात सवलत आहे आणि ती हवीच. पण ती सवलत कोणत्या दारातून कोण वापरतो, यावर जागता पहारा हवा.

असा पहारा ठेवून संशोधन करता येते काय? येते. इंग्लंडनेच पहिल्या फजितीनंतर त्याचे उत्तर शोधले. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तेथे 'ओपनसेफली' ही व्यवस्था उभी राहिली. त्यात रुग्णांची माहिती संशोधकाकडे जात नाही. संशोधक आपला प्रश्न संगणकाच्या भाषेत लिहून पाठवतो, हिशेब माहितीच्या ठिकाणीच होतो आणि बाहेर येते ते फक्त एकत्रित उत्तर. कोणी काय विचारले, हे सर्वांना पाहता येते. अशा रीतीने पावणेदोन कोटी प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास झाला. देवाचा गाभारा न उघडता दर्शन घडवावे, तसा हा प्रकार. आपल्या संगणकतज्ज्ञांना हे अवघड नाही. गरज आहे ती धोरणकर्त्यांनी तसे ठरवण्याची.

आपल्या अंगणातून

हे सारे शासनाचे काम म्हणून सोडून देता येणार नाही. वस्तीवर आरोग्य शिबिर होते. शंभर जणांची साखर आणि रक्तदाब तपासला जातो. नावे, वये, दूरध्वनी क्रमांक आणि आकडे असलेला तो कागद पुढे कोठे जातो? कोणाच्या तरी पिशवीत, मोबाइलवरच्या गटात, कधी औषध विक्रेत्याच्या हाती. त्या यादीत एखाद्या उपवर मुलीचा क्षयरोग असतो, एखाद्या चालकाची फिट असते. यादी फुटली तर तिचे लग्न मोडते, त्याची नोकरी जाते आणि पुढच्या शिबिराला ती वस्ती येत नाही.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने तीन गोष्टींचा परिपाठ ठेवावा. लागेल तेवढीच माहिती विचारावी आणि कशासाठी विचारतो ते आधी सांगावे. कागद एका जबाबदार माणसाच्या कुलपात राहावा आणि काम संपताच नष्ट व्हावा. आणि घरात मृत्यू झाला, तर दुःखाच्या घडीतही डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घेऊन ते नोंदवावे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने हे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवणे आणि त्याची प्रत नातेवाइकाला देणे कायद्याने आवश्यक आहे, तेही विनामूल्य. आपल्या माणसाच्या मृत्यूची ती एक ओळ कदाचित दुसऱ्या कोणाच्या माणसाला वाचवील.

१८९७ च्या पुण्यात रोगी घरात दडवावा लागला, याचा दोष रोग्याचा नव्हता. पुन्हा साथ येईल तेव्हा नोंद करणारा दारात उभा राहील आणि आतील माता मुलाकडे पाहून क्षणभर विचार करील. ती दार उघडील की कडी घालील, हे आज आपण तिची माहिती कशी सांभाळतो, त्यावर ठरणार आहे.