डुबॉइसियाचे ऋण



पोटातील कळ थांबविण्यासाठी मी रुग्णांना जे औषध लिहून देतो, ते हायोसिनपासून बनते आणि हायोसिन डुबॉइसियाच्या पानांतून काढतात. आपल्या धोत्र्याच्याच कुळातील या झाडाची लागवड येथे क्वीन्सलंडमध्ये होते. १९४४ साली नॉर्मंडीला निघालेल्या सैनिकांना बोट लागू नये म्हणून हेच हायोसिन दिले गेले.

ब्रिस्बेनचे डॉ. जोसेफ बॅनक्रॉफ्ट यांनी १८७० च्या दशकात या वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांचे नाव इतिहासात राहिले. मात्र त्यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे येथील आदिवासी अनामच राहिले. २०२० साली क्वीन्सलंडने कायदा सुधारला. पारंपरिक ज्ञान वापरायचे तर ते जपणाऱ्यांशी करार आवश्यक ठरला.

बंधूंनो, श्रेय आणि वाटा देणे हा उपकार नव्हे. तो त्यांचा हक्क आहे, हे आपल्याइतके कोण जाणेल?

जय भीम!