मैदान एक, तयारी दोन

(वणी, जि. यवतमाळ येथे शिक्षक, पालक आणि क्रीडाप्रेमी नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वणी ही लोकनायक बापूजी अणे यांची जन्मभूमी. २९ ऑगस्ट १८८० रोजी या गावी जन्मलेले बापूजी वकिलीकडे आणि राष्ट्रकार्याकडे वळण्यापूर्वी काही काळ शिक्षक होते. त्यांच्या गावात शाळा आणि विद्यार्थी यांच्याविषयी बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो. आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. शालेय फुटबॉल स्पर्धेत खासगी शाळा आणि जिल्हा परिषद वा नगर परिषदेच्या शाळा समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा तो सामना न्याय्य असतो काय?

स्वामी विवेकानंदांनी तरुणांना फुटबॉलची महती सांगितली, तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी इतिहासातील दुसऱ्या एका घटनेकडे वळतो.

अनवाणी विजयाचा खरा अर्थ

२९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. परकीय सत्तेच्या बूट घातलेल्या पलटणीला अनवाणी पायांनी हरविले, या वार्तेने साऱ्या देशाची मान उंचावली. तो अभिमान सार्थच होता. मात्र त्या विजयातून आपण एक चुकीचा धडाही घेतला. जिद्द असली की साधनांवाचून अडत नाही, असे आपण सहज बोलून जातो, आणि बहुधा ज्याच्याजवळ साधने नाहीत त्यालाच ते ऐकवितो.

पुढचा इतिहास काय सांगतो? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे निसटते हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंड हवेत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे नमविले. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. जिद्द तीच होती, माणसेही त्याच मातीतील होती. परंतु साधन आणि प्रशिक्षण यांचे अंतर केवळ जिद्दीने भरून निघाले नाही. जे राष्ट्राच्या संघाला लागू पडते, ते तालुक्यातील बारा वर्षांच्या मुलाला लागू पडणार नाही काय?

विषमता नेमकी कोठे आहे?

आपल्याकडे 'खासगी शाळा' हा शब्द फार ढोबळ आहे. शासनाच्या वेतन अनुदानावर चालणारी, एखाद्या स्थानिक शिक्षण संस्थेची माध्यमिक शाळा खासगी. विनाअनुदानित शाळाही खासगी. आणि २०१२ च्या कायद्यान्वये निघालेली स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळाही खासगीच. यांतील पहिलीची आर्थिक स्थिती पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या शाळेहून फारशी निराळी नसते. म्हणून खासगी विरुद्ध सरकारी असे भांडण लावून देण्यात मला स्वारस्य नाही. संस्थाचालकांनी पदरमोड करून मैदान केले, प्रशिक्षक नेमला, तर तो त्यांचा गुण आहे, अपराध नव्हे.

विषमता आहे ती तीन ठिकाणी. पहिली पटसंख्येत. फुटबॉलला अकरा खेळाडू लागतात, शिवाय राखीव. शालेय स्पर्धेत संघ एकाच शाळेचा असावा लागतो. ज्या गावच्या शाळेत सहावी ते आठवीत मिळून बारा-पंधरा मुलगे आहेत, तेथे निवड कसली करायची? जो चालू शकतो तो संघात! दुसरीकडे हजार विद्यार्थ्यांची शाळा शंभरांतून अकरा निवडते. पंच निःपक्षपाती असेल, चेंडू एकच असेल, गोलखांबही सारख्याच मापाचे असतील. तरी सामना शिट्टी वाजण्यापूर्वीच बराचसा ठरलेला असतो.

दुसरी विषमता शिक्षकाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आवश्यक मानले आहे. परंतु शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. म्हणजे लहान शाळेला कायद्यानेच क्रीडाशिक्षक नाही. तेथील गुरुजी दोन वर्ग सांभाळून, पोषण आहाराची नोंद ठेवून, वेळ उरला तर शिट्टी हाती घेतात. त्यांच्या तळमळीला माझा नमस्कार आहे. पण तळमळ म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

तिसरी विषमता वेळेची, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. खेळाचा सराव शाळा सुटल्यावर होतो. खेड्यातून येणारा मुलगा वा मुलगी त्या वेळी एस.टी.च्या फलाटावर असते. मुलींना शाळेसाठी मोफत प्रवासाची सवलत शासनाने दिली, ती उत्तमच आहे. परंतु सरावासाठी थांबले तर परतीची गाडी चुकते. जिच्या दारात शाळेची बस येते, तिची ही अडचण नाही.

पणाला काय लागले आहे?

खेळच तो, हरले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. थोडा विचार करा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडागुण मिळतात. प्रावीण्य सिद्ध करणाऱ्यांसाठी राज्य शासनाच्या सेवेत २००५ पासून पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे तालुक्याच्या मैदानावर लागलेला निकाल पुढे गुणपत्रिकेपर्यंत आणि एखाद्या कुटुंबाच्या चुलीपर्यंत पोहोचू शकतो. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिल्याच सामन्यात मोठ्या शाळेशी गाठ पडली की लहान शाळेचे वर्ष तासाभरात संपते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. त्या वाटेने चांगल्या मैदानापर्यंत पोहोचलेला मुलगाही आठवी संपताच शुल्काच्या दारात अडतो, कारण कायद्याचे संरक्षण तेथे संपते. सतरा वर्षांखालील गटाचा खरा खेळ तर त्यानंतरच सुरू होतो.

वेगळ्या स्पर्धा हा उपाय आहे काय?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा, पण वाद हाच आहे. तेथील न्यू जर्सी राज्यात खासगी शाळांचे अंतिम गट निराळे ठेवण्यात आले. इलिनॉय राज्याने २००५ मध्ये असे ठरविले की, ठरावीक हद्दीचे बंधन नसलेल्या, कोठूनही विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या शाळेची पटसंख्या १.६५ ने गुणावी. म्हणजे हजार विद्यार्थ्यांची शाळा स्पर्धेपुरती साडेसोळाशेची मानावी आणि तिला मोठ्या गटात खेळवावे. हा गुणाकार तेथे शक्य झाला, कारण शाळांची गटवारी मुळातच पटसंख्येवर होत होती. आपल्याकडे गट आहेत ते वयाचे आणि मुलगे-मुली असे. लहान शाळा आणि मोठी शाळा हा भेद आपण लक्षातच घेत नाही.

खासगी आणि सरकारी अशा दोन स्वतंत्र स्पर्धा मात्र मला मान्य नाहीत. तसे केले तर एक चषक 'खरा' आणि दुसरा 'गरिबांचा' ठरेल. वर्गात, वस्तीत आणि पंगतीत भेद नको म्हणणाऱ्यांनी तो मैदानावर नव्याने का निर्माण करावा? वेगवेगळ्या घरांतील मुले एकमेकांना घाम गाळून ओळखतात, अशी जागा मैदानावाचून आता फारशी उरलेली नाही.

गटवारीला पूर्वाधार मात्र आहे. महानगरपालिका क्षेत्राला शालेय स्पर्धेत जिल्ह्याबाहेरचा स्वतंत्र घटक मानले जाते. अमरावती शहराचा संघ आणि यवतमाळ जिल्ह्याचा संघ विभागीय पातळीवर भेटतात. शहर आणि ग्रामीण भाग यांतील अंतर शासनाने तेथे मान्य केले. तोच विवेक तालुक्यात पटसंख्येबाबत का दाखवू नये?

आपल्या हातात काय आहे?

पहिली सूचना अशी की, लहान शाळांना केंद्रनिहाय संयुक्त संघ उतरविण्याची मुभा मिळावी. शाळांची केंद्रे आजही अस्तित्वात आहेत, केंद्रप्रमुख आहेत. नियमात तेवढी दुरुस्ती व्हावी, म्हणून आपण सर्वांनी मिळून जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आग्रह धरावा. दुसरी सूचना : तालुका पातळीवर चौदा वर्षांखालील मुलांसाठी सात-सात जणांची साखळी स्पर्धा घ्यावी. प्रत्येक संघाला किमान चार-पाच सामने मिळाले, तर हरणाराही शिकून घरी जाईल. तिसरी : ज्यांच्याकडे मैदान आणि प्रशिक्षक आहेत, त्या संस्थांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी आपले फाटक शेजारच्या शाळांना उघडावे. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट खेळाडूंच्या पळवापळवीची. स्पर्धेच्या तोंडावर दाखला बदलून दुसऱ्या शाळेचा उत्तम खेळाडू आपल्या संघात आणण्याचा मोह अनेकांना होतो. मुलाला चांगली संधी मिळत असेल तर त्याची वाट अडवू नये. परंतु ज्या गुरुजींनी त्याला चेंडू मारायला शिकविले, त्या शाळेचे नाव पारितोषिकाच्या वेळी घेण्याचे औदार्य तरी असावे.

पैसा कोठून येणार? वणीच्या भूमीतून कोळसा निघतो आणि देशाची वीज त्यावर तयार होते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून ग्रामीण क्रीडेला खर्च करता येतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित क्षेत्रांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले आणि शिक्षण हा त्याच्या अग्रक्रमाचा विषय आहे. खाणीची धूळ ज्यांच्या पाटीवर बसते, त्या मुलांसाठी संध्याकाळची एक बस आणि एक फिरता प्रशिक्षक मागणे अवाजवी ठरणार नाही. मागणी कागदावर, नेमकी आणि पाठपुराव्यासह गेली पाहिजे.

संधी मिळाली की काय घडते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी या शतकाच्या प्रारंभी झोपडपट्टीतील मुलांच्या पायाशी फुटबॉल दिला आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली. वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या पाच जनजाती विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. ती मुले सरकारी शाळेचीच होती. त्यांना निवड, शिस्तबद्ध प्रशिक्षण, योग्य साधने आणि पाठीवर हात मिळाला. पुढचे काम त्यांनी स्वतः केले.

म्हणून येथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे. आपला मुलगा ज्या संघाला सहज हरवून आला, त्या संघाच्या शाळेत एकदा जाऊन या. तेथे चेंडू किती आहेत, सराव कोण घेतो आणि मुले घरी कशी जातात, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे ऐकल्यावर काय करायचे, ते तुम्हांला सांगावे लागणार नाही. तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला तर तुमच्या मुलाचाही खेळ उंचावेल, हे वेगळे सांगायला नको. येत्या पावसाळ्यात तालुक्याची स्पर्धा सुरू होईल, तेव्हा वणी परिसरातील किमान एका लहान केंद्राचा संघ पूर्ण तयारीनिशी मैदानात उतरावा, एवढा संकल्प आज आपण करू या.