गॅरेजमधली ऊब



मिनेसोटा, मिशिगन किंवा टोरोंटोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये सुतारकामाची, जोडकामाची हौस पुष्कळ आहे आणि ती पुरी करायची जागा म्हणजे गॅरेज. पाडव्याच्या कार्यक्रमात नाटक बसवायचं असेल तर त्याचं नेपथ्य फेब्रुवारीतच ठोकावं लागतं. नेमकं तेव्हाच गॅरेजमध्ये उभं राहवत नाही. बरं, थंडी अंगाला सोसली तरी सामानाला सोसत नाही. लाकडाचा पिवळा गोंद साधारण 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की सांधा पक्का धरत नाही. वाळल्यावर खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो. पाण्यात मिसळायच्या रंगाचंही तेच. ड्रिलची लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते. तेव्हा हिवाळ्यात काम करायचं तर हीटर हवाच, त्यात चैन काही नाही.

पण दुकानात जाऊन 'किती मोठा घेऊ?' असं विचारण्याआधी घरी कागद-पेन्सिल घेऊन बसा, ही माझी पहिली विनंती. हिशेब सोपा आहे. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यायचं, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने गुणायचं आणि त्या पृष्ठभागाच्या 'आर' मूल्याने भागायचं. आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता. उत्तर येतं ते ताशी किती बीटीयू उष्णता बाहेर जाते त्याचं. एक किलोवॉट म्हणजे ताशी 3412 बीटीयू.

समजा, दोन गाड्यांचं गॅरेज आहे, 24 फूट बाय 24 फूट. बाहेर शून्य अंश फॅरनहाइट आणि आत 60 अंश हवेत. मोठं दार 16 बाय 7 फुटांचं, म्हणजे 112 चौरस फूट. ते नुसत्या पत्र्याचं असेल तर त्याचं आर मूल्य जेमतेम एक धरा. 112 गुणिले 60, म्हणजे 6720 बीटीयू. जवळजवळ दोन किलोवॉट त्या एका दारातून निघून गेले! तेच दार आर-10 चं केलं तर आकडा 672 वर येतो. आता वर बघा. छताला नुसतं जिप्सम बोर्ड असेल आणि वर मोकळा माळा असेल, तर 576 चौरस फुटांतून 17 हजारांवर बीटीयू जातात. माळ्यावर आर-38 चं इन्सुलेशन पसरलं की हेच नऊशेच्या आसपास येतं. भिंती आणि फटी धरून उघड्यावाघड्या गॅरेजला ताशी 40 हजार बीटीयू लागतील, तर नीट झाकलेल्याला सात-आठ हजार पुरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला खर्च छताच्या इन्सुलेशनवर करावा, दुसरा दारावर आणि दाराखालच्या रबरी पट्टीवर, आणि मग हीटरवर. फोमचे तक्ते लावलेत तर ते उघडे ठेवू नका. आग लागली तर फोम झपाट्याने पेटतो, त्यावर जिप्सम बोर्ड हवं.

आता हीटर. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथल्या विजेबद्दलचा अंदाज चुकतो. नाशकात 230 व्होल्टच्या मोठ्या प्लगवर दोन किलोवॉटचा गीझर बिनघोर चालतो. इथे साध्या प्लगला 120 व्होल्ट येतात, त्यामुळे त्यावर चालणारे हीटर 1500 वॉटपाशी थांबतात. एवढ्याने टेबलाखाली पाय शेकतील, गॅरेज तापणार नाही. असे दोन हीटर एक्स्टेन्शन कॉर्डवर जोडणं तर थेट आगीला बोलावणं आहे.

झाकलेल्या गॅरेजला छताजवळ टांगायचा 5000 वॉटचा, 240 व्होल्टचा हीटर उत्तम. तो 21 अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. हीटर तासन् तास चालतो, म्हणून सर्किट सव्वापट क्षमतेचं धरायचं असतं: 30 अँपिअरचा ब्रेकर आणि 10 गेजची तांब्याची तार. 7500 वॉटचा घेतलात तर 40 अँपिअर आणि 8 गेज. घराचं मुख्य पॅनेल 100 अँपिअरचं असेल आणि त्यावर विजेची शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र असं सगळं असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून एकूण भाराचा हिशेब करून घ्या.

रोज काम करणाऱ्याच्या आणि जवळ गॅसची लाइन असलेल्याच्या दृष्टीने गॅसचा हीटर चालवायला बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतो. त्यात एक निवड मात्र चुकवू नका. ज्वलनाला लागणारी हवा बाहेरून नळीने घेणारा आणि धूरही बाहेर सोडणारा, बंद ज्वलनकक्षाचा हीटर घ्या. सुतारकामाच्या जागेत भुसा उडतो, वॉर्निशची वाफ असते. तिथे उघडी ज्योत नको. गॅरेजमध्ये पेट्रोलही असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणून ठिणगी पडू शकेल असा भाग जमिनीपासून निदान 18 इंच वर हवा, असं नियम सांगतो. छताजवळ टांगलेला हीटर त्याहून कितीतरी सुरक्षित.

सिलिंडरवर चालणारे, धुराडं नसलेले प्रोपेनचे हीटर स्वस्त मिळतात. ते घेऊ नका. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती गार ओतीव लोखंडावर, म्हणजे तुमच्या करवतीच्या टेबलावर, दव होऊन बसते आणि गंज चढतो. याहून भयंकर आहे तो कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलो. हा तोच वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो.

घराच्या फर्नेसचा एक फाटा गॅरेजमध्ये काढावा, असंही काहींच्या मनात येतं. नियमांना ते मान्य नाही, आणि कारण उघड आहे: गॅरेजमधला धूर, वाफा त्याच वाटेने झोपायच्या खोल्यांत येतील. बारा महिने काम करणाऱ्याने थंड प्रदेशासाठी बनवलेल्या मिनी-स्प्लिट हीट पंपाचा विचार जरूर करावा. बसवायला महाग, पण वीज कमी खातो आणि जुलैत गारवाही देतो. त्याची जाळी मात्र भुशाने लवकर भरते, ती वरचेवर धुवावी लागेल.

आणि हीटर कुठलाही असो, वॉर्निश फवारताना तो बंदच हवा.

काम करणाऱ्याचे हात मोलाचे असतात. तेव्हा नवं सर्किट किंवा गॅसची नळी टाकण्याआधी गावच्या कचेरीतून परमिट काढा, परवानाधारक माणसाकडून काम करून घ्या आणि तपासनीस येऊन गेल्याशिवाय बटण दाबू नका. झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो या आठवड्यातच बसवा.