अडुसष्ट क्रेट

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात गेलात, तर जिकडेतिकडे पिकअप दिसतात. माझ्या लहानपणी मालाची कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेम्पोच, कारण बजाज टेम्पोच्या गाड्यांनीच हे काम अंगावर घेतलं होतं. आता टेम्पोच्या जागी पिकअप आली. कितीतरी घरांत ती कर्ज काढून येते, कुठे घरातलं सोनं ठेवून. तिच्या निवडीत चूक झाली तर हप्त्याबरोबर ती चूकही पाच वर्षं फेडावी लागते. गेली पंचवीस वर्षं माझा माल मी स्वतः वाहतोय, त्या अनुभवातून आज तुमच्याशी बोलतो आहे.

शोरूममध्ये गेल्यावर इंजिनाची ताकद नंतर विचारा. आधी विचारा, पासिंग किती आहे, म्हणजे गाडीत किती वजन कायद्याने नेता येतं? बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त, या सगळ्यांत साधारण सव्वा टनापासून दोन टनांपर्यंतची मॉडेलं मिळतात. पण विक्रेता सांगतो त्या आकड्यावर थांबू नका. आरसी बुकावर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. त्यांची वजाबाकी करा. समजा ती १,७०० किलो आली. त्यातून तुम्ही आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो गेले. हौद्यावरचा लोखंडी सांगाडा, ताडपत्री, दोर, फळ्या यांचे ६० किलो गेले. उरले १,५००. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस किलोचा धरतो, पण प्लॅस्टिकच्या क्रेटचंही दोन किलो वजन असतं. बावीसने भागलं की अडुसष्ट क्रेट. आपण मात्र सर्रास शंभर लावतो.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर त्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ज्याचा माल थोडा आणि बाजार जवळ, त्याला लहान गाडीच परवडते. परवान्याची काळजीही आता मिटली आहे. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर इथे आलो, ती सांगतो. नवी गाडी घेतली की पेढे वाटून लगेच गॅरेजला नेतात आणि मागचे पाटे वाढवून घेतात. मीही घेतले होते. पाटे वाढले की गाडी भार घेऊनही मागे बसत नाही, ताठ उभी राहते, आणि आपल्याला वाटतं तिची ताकद वाढली. पण पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. टायर, अ‍ॅक्सल, चाकाचे बेअरिंग, सगळं कारखान्यातून आलं तेवढंच राहतं. उलट गाडी दबून आपल्याला इशारा देत असते, तोच आपण बंद करून टाकतो.

एका श्रावणात माळशेज उतरत होतो, कल्याणच्या बाजूला. धुकं होतं, शंभराच्या वर क्रेट होते आणि शेजारी माझा भाचा बसला होता, सोळा वर्षांचा. ब्रेक दाबून दाबून उतरत असताना एका वळणावर पेडल मऊ लागलं आणि पाय थेट खाली गेला. कसाबसा गिअर खाली आणला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं. गाडी थांबली. दोर तुटून क्रेट रस्त्यावर गेले, भाच्याचा हात मोडला. दुसरी बाजू दरीची होती.

असं का झालं, ते मला नंतर एका जुन्या मिस्त्रीने समजावलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत जातं. घाटात ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत जोर पोहोचवत नाही. मी ते ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. दर दोन वर्षांनी बदला, खर्च काही शेकड्यांचा आहे. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करू नका. इंजिन तर मुळीच बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं.

जादा भाराचा दंड २० हजार, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. पण दंडाच्या भीतीने नव्हे, त्या वळणासाठी मी हे सांगतो आहे.

हौद्यात रबरी मॅट टाका, पत्रा गंजत नाही आणि क्रेट सरकत नाहीत. दोर अडकवायला हूक भरपूर लावून घ्या. चमकणारी पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी हवी, आणि ती चिखलाने झाकली तर नसल्यासारखीच. रात्री रस्त्याकडेला पंक्चर काढत बसलेली गाडी मागच्याला त्या पट्टीनेच दिसते. पावसात शेताच्या वाटेवर रिकामी पिकअप रुतते, कारण जोर मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढे. मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूची चार पोती बांधून ठेवा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि देखभाल थोडी बदलली. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. गाडी फक्त शेत ते गाव अशी फिरली तर ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की मोठ्या रस्त्यावर चांगल्या वेगात सलग चालवा, काजळी जळून जाते. ज्या गाडीत युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी आहे, तिच्याबद्दल हात जोडून सांगतो: शेतातला युरिया पाण्यात कालवून त्यात ओतू नका. आपला युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला, त्यात माती-कचरा. टाकीत लागतो तो शुद्ध युरिया, साडेबत्तीस टक्के, क्षार काढलेल्या पाण्यातला. पन्नास रुपये वाचवायला जाल आणि ती सगळी यंत्रणा बदलावी लागेल.

वाढवलेले पाटे मी त्याच आठवड्यात काढून टाकले. भाच्याचा हात बरा झाला. आता त्याची स्वतःची पिकअप आहे. शेतावर माल भरताना तो फाळक्याशी उभा राहून मोजतो, आणि अडुसष्टावा क्रेट लागला की फाळका लावतो. उरलेल्यांसाठी दुसरी खेप करतो.