खिडकीतून आलेले दान

श्रोते मंडळी, आज तुम्हांला एका लहानशा चित्राची गोष्ट सांगतो. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. तेव्हा घटकाभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पाहा.

इटलीतल्या पेरुजा गावी संत दोमिनिकच्या चर्चसाठी फ्रा अँजेलिको नावाच्या साधूने १५व्या शतकात एक वेदीचित्र रंगविले. लाकडी फळ्यांवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी. मधोमध बाळ येशूला घेऊन बसलेली मेरी आणि दोन्ही बाजूंना संतांच्या मोठ्या आकृती. आपले चित्र मात्र त्यांच्या पायाशी, खालच्या अरुंद पट्टीत होते. उंची फूटभर, रुंदी सुमारे दोन फूट. आज ते व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहे.

या एकाच फळीवर संत निकोलसच्या आयुष्यातले तीन प्रसंग आहेत. पहिला जन्माचा, दुसरा प्रवचन ऐकण्याचा. तिसरा पाहा. रात्र झाली आहे. घराची समोरची भिंत चित्रकाराने जणू काढूनच ठेवली आहे, म्हणून आतले सारे दिसते. तीन बहिणी एका बिछान्यावर झोपल्या आहेत. जवळच बाप बसलेला. हुंड्याला पैसा नाही. पोटच्या पोरींना वाईट मार्गाला लावायची पाळी आली आहे. मुलीच्या लग्नाची काळजी बापाला कशी खाते, हे तुम्हांला मी काय सांगावे?

आणि बाहेर तरुण निकोलस उभा आहे. हात उंच करून तो खिडकीतून सोन्याचे गोळे आत टाकतो आहे. तीन मुली, तीन गोळे. हाच निकोलस पुढे मायरा गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, बिशप झाला. नाताळचा सांता क्लॉज त्याच्याच नावावरून आला.

आता गंमत पाहा. देणारा बाहेर अंधारात आहे आणि घेणाऱ्या मुली झोपेत आहेत. कोणाला हात पसरावा लागला नाही, कोणाची मान खाली गेली नाही. आपण याला गुप्तदान म्हणतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत गरीब मुलांना वह्या वाटतात. पाहुणे येतात, नावे पुकारली जातात, टाळ्या वाजतात. त्या वेळी पुढे येणाऱ्या पोराचा चेहरा कधी पाहिलात? वही त्याला हवीच असते, पण चार जणांदेखत गरीब ठरणे नको असते. पुढच्या खेपेला ती वही शाळा सुटल्यावर, गुपचूप त्याच्या दप्तरात ठेवून पाहा. पोर दुसऱ्या दिवशी ताठ मानेने शाळेत येईल.